कपाटावरची धूळ आणि माझी गॅलक्सी

३ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढतोय.
आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनाच्या डेटात एक ठिपका सापडला. महाकाय गॅलक्सी, धुळीने गच्च. आत ताऱ्यांची पैदास जोरात, पण त्यांचा उजेड धूळ गिळते आणि तापून उष्णता बाहेर टाकते. ती आम्ही पकडतो. विश्व जेमतेम एक अब्ज वर्षांचं असतानाची, म्हणजे अतिदूरची असावी. असावी नाही, आहे.
२५ तारखेला समिती ठरवणार, मला कायम करायचं की नाही. सहा वर्षं गावोगाव कॉन्ट्रॅक्टवर काढली. आता बघतोच कोण नाही म्हणतं.

५ मार्च
बायको म्हणाली, कपाटावर बोटभर धूळ साचलीय, पुस्तकं तरी पूस. तिला समजावलं, जिथे धूळ तिथे निर्मिती. ती म्हणाली, तारे निघाले की सांग, तोवर हे फडकं धर. धरलं. रविवारी नक्की.

९ मार्च, रविवार
पुसलं नाही. चिंतन चालू होतं.

११ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना खुसपट काढल्याशिवाय चहा पचत नाही. म्हणे, वर्णपटात वायूची एकच रेषा दिसतेय, तेवढ्यावरून अंतर ठरत नाही, जवळचीही असेल. दुसरी रेषा शोधा. म्हटलं, मुरलेल्या नजरेला एक पुरते. आकाशाच्या त्या भागाच्या जुन्या नोंदी चाळल्यात का, असंही विचारलं. हो म्हटलं. चाळेन.

१४ मार्च
आमच्या प्रमुखांना सांगून टाकलं, विश्वाच्या बालपणी एवढी धूळ आली कुठून हा प्रश्न आता माझ्या नावाने ओळखला जाईल. त्यांनी मान डोलावली. डुलकी असेलही, पण मान हलली.

१८ मार्च
खरं सांगायचं तर भीती वाटते. कायम झालो नाही तर पुन्हा गाव बदला, पुन्हा लेकीला नवी शाळा. ही चौथी होईल. तिने विचारलं, बाबा, आता इथेच ना? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.
नोंदी उद्या चाळतो.

२४ मार्च, संध्याकाळी ६
बायकोने कंटाळून स्वतःच कपाट पुसायला घेतलं. मी तिला उद्याचं भाषण ऐकवत होतो. गॅलक्सीचं स्थान सांगितलं तशी ती थांबली. म्हणाली, हे आकडे मी टाइप केलेत. धुळीखालून माझाच पीएच.डी.चा प्रबंध काढला. तक्ता चार, ओळ सतरा. तेच स्थान. शेरा माझाच: 'दोन रेषांवरून खात्री केली. जवळची, किरकोळ. पुन्हा वेळ घालवू नये.'
अकरा वर्षांपूर्वी मी फारच काटेकोर होतो. जरा अतीच.

२५ मार्च
समितीला खरं ते सांगितलं, प्रबंधही दाखवला. अध्यक्षांनी तो बराच वेळ चाळला. म्हणाले, चोख काम आहे, असा माणूस आम्हाला हवा होता. 'होता'वरचा जोर त्यांचाच.

२९ मार्च
पुस्तकं खोक्यांत भरली. पुसलेली होती, त्यामुळे काम लवकर उरकलं. लेक विचारत होती, नवी शाळा कुठे आहे.
नव्या घरी कपाट दर रविवारी पुसायचं.