होळीआधीची चिंता

अब्बा,

आज खापरला बसमधून उतरले, तर बाजारात बांगडीवाल्यांची कापडी पालं पडायला लागली होती. परवापासून भोंगऱ्याचे, होळीआधीच्या आठवड्यातले बाजार. म्हणजे होळी आली. हात आपोआप पर्समधले पैसे चाचपायला गेला आणि मग माझा मलाच राग आला. आता मला ना बूट हवेत ना सहलीची वर्गणी, कुणाकडे काही मागायचं नाही, तरी ही धास्ती कशासाठी?

आपल्या घरात होळी कुणी खेळत नव्हतं, पण घर चालायचं होळीवर. महिनाभर आधी तुम्ही सुरतेहून बांगड्यांचा माल उचलायचात आणि घरातला सगळा पैसा काचेत अडकायचा. उसाच्या तोडीवर गुजरातेत गेलेली डोंगरातली माणसं परत आली, बाजार भरले, की तो सुटायचा. तोवर पैसा हा शब्द घरात निघायचा नाही. मी काही मागायला तोंड उघडलं, की अम्मी चुलीपाशी बसूनच डोळे वटारायची. "होली जाने दे." एकदा मी ऐकलं नाही. तुम्ही जेवायला बसला आहात, मी दारातून विचारते, अब्बा, बूट कधी घेणार? तुमचा हात ताटातच थांबतो. "काच पे खड़ा हूँ मैं, दिखता नहीं तेरे को?" आणि तुम्ही उठता. उरलेली अर्धी भाकरी मला अजून दिसते. काठी गावची मोठी होळी झाली, की तेच तुम्ही मला मांडीशी बसवून हिरव्या बांगड्या भरणार, "हात ढिला छोड" म्हणणार आणि आपणहून विचारणार, "बूट कौनसे चाहिए, बोल." माणूस तोच, घर तेच. मधे फक्त होळी झालेली.

मी नंदुरबारच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, अब्बा. तुम्हाला हे बघायला मिळालं नाही. हल्ली फायनान्शियल थेरपी नावाचा विषय निघाला आहे. थेरपी म्हणजे गोळी की इंजेक्शन, असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. दोन्ही नाही. पैशाची भीती, पैशावरून होणारी भांडणं, पैशाविषयी न बोललेलं, हे सगळं एका समजदार माणसासमोर बसून बोलायचं. परदेशात यावर भरपूर संशोधन होतं. मी ते वाचते आणि खरं सांगायचं तर वाचताना चिडते. पुष्कळदा जो सल्ला देतो, तोच नंतर विचारतो, काय, बरं वाटतंय ना? समोरचा भिडेखातर हो म्हणतो. अर्ध्यातून सोडून गेलेल्यांना कुणी हिशेबात धरत नाही. पण खोट काढणं सोपं असतं, म्हणून मी स्वतःलाही दटावते.

माझी एक विद्यार्थिनी आहे, खापरचीच. तिच्या आईचं बाजारात कटलरीचं दुकान. पोरीने तुमच्यासारख्याच पाल मांडणाऱ्या घरांबरोबर या बैठका घेतल्या. नवरा-बायको समोरासमोर बसणार आणि पैशाबद्दल बोलणार. सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतली, शेवटी पुन्हा भरून घेतली. चिंता घटलेली निघाली, चांगली भरघोस. एका संस्थेला ते इतकं आवडलं, की जिल्हाभर बैठका सुरू करायच्या आहेत. फक्त मार्गदर्शक म्हणून माझा होकार हवा. मी प्रबंध घेऊन बसले, वाचत गेले आणि तारखांपाशी अडकले. पहिली प्रश्नावली गेल्या वर्षीच्या भोंगऱ्याच्या आदल्या आठवड्यातली. दुसरी होळीनंतरची.

अब्बा, होळीनंतर तर तुमचीही चिंता घटायची. कुठल्याही बैठकीशिवाय.

ज्यांनी बैठका केल्या नाहीत, अशा घरांना तिने विचारलंच नव्हतं. मग घटलेल्या चिंतेचं श्रेय बैठकांना द्यायचं की बाजाराला? तिचंही मला नवल वाटत नाही. आपल्याकडे होळी ही कुणाला घटना वाटतच नाही, ती यायचीच. काल ती नंदुरबारला माझ्या घरी आली. माझा चेहरा बघून कॉलेजातलं मराठी विसरली. "मॅडम, मन्हं काही चुकनं का? मन्ही माय बी बसनी व्हती. ती आते दादासंगे बोलस, पहिले बोले नही." दादा म्हणजे तिचे वडील; बैठकीला बसल्यापासून आई त्यांच्याशी बोलायला लागली. मी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

कारण बैठकांनी फरक पडतो, हे मला खरं निघायला हवं आहे. इतकं हवं आहे, की या प्रबंधाचा न्याय करायला मी लायक आहे का, याचीच शंका येते. शेवटच्या वर्षी होळीआधी तुमचा डावा हात दुखत होता. टोपली दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लागला होतात. अम्मी म्हणाली, नंदुरबारला डॉक्टरांना दाखवू. तुम्ही म्हणालात, "होली जाने दे." आणि अम्मी गप्प बसली, मी गप्प बसले, कारण आपल्या घरचा रिवाजच तो. होळी गेली तेव्हा तुम्ही नव्हतात. त्या आधी कुणी तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून बोलतं केलं असतं तर? हा 'तर' मनात ठेवून मी प्रबंध वाचते आहे, आणि असं वाचलं की आकडे हवे तसे दिसतात.

उपाय आहे. बैठका न केलेल्या घरांना याच आठवड्यात विचारायचं, होळीनंतर पुन्हा विचारायचं आणि दोन्हीकडचं शेजारी ठेवून बघायचं. त्यांचीही चिंता तेवढीच घटलेली निघाली, तर पोरीची मेहनत पाण्यात आणि माझा 'तर' पण. आणि हा आठवडा चुकला, की थेट पुढची होळी. तोवर संस्था दुसऱ्या कुणाची सही घेऊन बैठका सुरूही करेल.

हे पत्र कुठे जाणार नाही, तुमच्या जुन्या टोपलीत पडून राहील. म्हणून एवढं सांगून टाकते. काल ती दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मॅडम, काय करू सांगा ना." मला सगळं माहीत होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, होळी जाऊ दे, मग बघू.