स्वतःला दहापैकी सहा

प्रिय अण्णा,

काल माझा पदवीदान समारंभ झाला. झगा घातला, चौकोनी टोपी घातली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी स्टेजवरून चालत गेले. आज शनिवार. शनिवारी संध्याकाळी मी इथून फोन लावायचा आणि तिकडे सांगलीत तुम्ही रविवारचा पहिला चहा घेत तो उचलायचा, ही आपली रीत. मघाशी सवयीने फोन हातात घेतला, मग ठेवून वही घेतली. तुम्हाला जाऊन सहा महिने होतील. आपलं शेवटचं बोलणं मी रागाने तोडलं होतं, ते आज पुरं करायचं आहे.

तुम्हाला आठवतं, कॉलेजला नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये आमच्या मराठी मंडळात जो तो मास्टर्स झालेला, जो तो चिप बनवणाऱ्या कंपनीत. त्यात मी बी.कॉम., डिपेंडंट व्हिसावर बारा वर्षं घरी बसलेली. ग्रीन कार्ड आल्यावर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांच्या बिझनेस मॅनेजमेंटला गेले, तर एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्या आयटीआयसारखं का गं?" आणि तुम्ही म्हणालात, "मॅनेजमेंट शिकवतात? मग ऐन लग्नात आचारी पळाला तर काय करायचं, ते विचार त्यांना." विचारलं, अण्णा. त्यांच्या पुस्तकात नाही ते.

पहिलं सत्र मी वर्गात तोंड उघडलं नाही. माझ्या मुलीच्या वयाची पोरं आजूबाजूला, आणि मी आपली पहिल्या बाकावर पेन्सिलीला टोक काढत बसलेली. पण दुसऱ्या वर्षी गटाने करायचं काम आलं. आम्ही चौघांनी मिळून कॉलेजात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी जेवणाचा कार्यक्रम करायचा होता. नोंदणी दीडशेची. सकाळी मी पार्किंगमध्ये गाड्या मोजायला गेले, तेव्हा मिगेल हसला. आमच्या चौघांतला, टायरच्या दुकानात काम करून शिकणारा पोरगा तो. "सुजाता, गाड्या जेवणार आहेत का?" मोजल्या, माणसं नोंदणीपेक्षा बरीच जास्त येणार हे दिसलं, आणि भात-राजमा वाढवायला सांगितला. तरी तो यायला वेळ लागणार होता, म्हणून अर्ध्या लोकांना आधी लायब्ररी बघायला पिटाळलं. सव्वादोनशे माणसं जेवली. कुणाला काही कळलंही नाही.

मग एक फॉर्म आला. प्रत्येकाने स्वतःला आणि इतरांना दहापैकी मार्क द्यायचे आणि आपण काय केलं ते लिहायचं. मी काय केलं असेल? तुमचीच मुलगी! बाकी तिघांना दहा दिले, स्वतःला सहा. खाली लिहिलं, 'टीमने छान काम केलं, मी थोडी मदत केली.' संस्कार झाले म्हणून समाधानाने झोपले.

आमच्या लिंडाबाईंनी मला बोलावून घेतलं. "तिघांनी लिहिलंय, सगळं तू सांभाळलंस. तू लिहितेस, थोडी मदत केलीस. यातलं खोटं काय?" मी म्हटलं, आमच्याकडे स्वतःबद्दल असं लिहीत नाहीत. बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या तुझ्या हाताखाली दहा माणसं असतील. कुणी काय केलं हे तुला खरं सांगता आलं नाही, तर त्यांनी तुझ्यावर भरवसा का ठेवावा? कमी सांगणं हेही चुकीचंच सांगणं. सोमवारी परत लिहून आण, नाहीतर या भागाला शून्य."

घरी तुमचा जावई मंदार म्हणाला, "यार, तूच केलंयस ना सगळं? मग लिही की तसं." रेवा तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट राइट व्हॉट यू डिड. इट्स नॉट शोइंग ऑफ." त्यांना काय जातंय सांगायला! मी दोन दिवस 'मी' लिहीत होते आणि खोडत होते. स्वतःचीच आरती ओवाळल्यासारखं वाटत होतं.

शेवटी रविवारी दुपारी ठरवलं, आधी दुसऱ्या कुणाबद्दल लिहून हात मोकळा करू. आणि तुमच्याबद्दल लिहिलं, अण्णा. तेच आता वाचा.

'माझे वडील एका मंगल कार्यालयाचे मॅनेजर होते. मी बारा वर्षांची असताना एका लग्नात वऱ्हाड ठरल्यापेक्षा दुप्पट आलं. हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं, कारण ते दारातल्या चपला मोजत. माणसं फिरत राहतात, चपला जागच्या हलत नाहीत, असं ते म्हणत. त्यांनी भाताचं दुसरं आधण चढवायला लावलं. त्यांनी पानं मांडायचं काम संथ करायला सांगितलं. त्यांनी करवल्यांना गाठून नव्या जोडप्याच्या मागे उखाण्यांसाठी लकडा लावायला लावला, आणि भात शिजेपर्यंत अख्खं वऱ्हाड हसत बसून राहिलं. एकही माणूस उपाशी गेला नाही. मुलीचे वडील हात जोडून आले तेव्हा त्यांनी वळून आचाऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, सगळं यानं केलं, मी नुसता उभा होतो.'

मी खांबापाशी उभी राहून ऐकत होते. इतका राग आला होता मला तुमचा! नुसते उभे होतात? सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हतात.

हे लिहून झालं आणि मग माझं पान अर्ध्या तासात झालं. मी गाड्या मोजल्या. मी जेवण वाढवलं. मी लोकांना थांबवून धरलं. त्यात कुठे बढाई नव्हती, नुसतं घडलेलं होतं. बाईंनी 'ए' दिला.

त्या शनिवारी तो कागद तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचा, म्हणून मी जवळ घेऊन बसले होते. आणि आधी 'ए'चं सांगून बसले. तुम्ही म्हणालात, "बाई मऊ असतील." बारावीला कॉलेजात पहिली आले तेव्हाही शेजाऱ्यांना म्हणाला होतात, "पेपर सोपे होते यंदा." तीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "एकदाही 'छान केलंस' म्हणता येत नाही का हो तुम्हाला?" आणि मी फोन ठेवला. पुढचा शनिवार यायच्या आत दादाचा फोन आला.

विचारल्याचं मला वाईट वाटत नाही, अण्णा. उत्तर ऐकायला थांबले नाही, याचं वाटतं. काय म्हणाला असतात? माझी दृष्ट लागेल म्हणून गप्प राहत होतात? की तुमच्याही आजोबांनी, वडिलांनी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, म्हणून शब्दच ठाऊक नव्हते? आणि मी तरी तुम्हाला कधी म्हटलं? तुम्ही बोट दाखवलंत आणि आम्ही सगळे आचाऱ्याकडेच बघत राहिलो.

म्हणून आज म्हणते. वीस वर्षं ते कार्यालय तुम्ही चालवलंत. हजारो माणसं तुमच्यामुळे पोटभर जेवून गेली. छान केलंत, अण्णा. मला तुमचा फार अभिमान आहे. आणि काल स्टेजवरून उतरताना मला माझाही वाटला, हे तुमच्यापासून लपवत नाही.

सोमवारपासून इथल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी असिस्टंट मॅनेजर म्हणून रुजू होते आहे. पुढच्याच आठवड्यात एक लग्न आहे. तुम्हाला शब्द देते, शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत मी खुर्चीला टेकणार नाही. कुणी विचारलं, हे सगळं कुणी केलं, तर आचाऱ्याला आतून बोलावून घेईन, वाढणाऱ्या एकेकाचं नाव घेईन. आणि सगळ्यांची नावं झाली की खाली न बघता माझंही सांगेन.

तुमची,
सुजाता