तीन देशांचं एक कॅलेंडर

१ सप्टेंबर, सोमवार
हिना मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बोईसर, फिनलंड, व्हिएतनाम, आपल्या तिन्ही टीम सॉफ्टवेअरमधला एकमेकींचा कोड मोडून ठेवतात म्हणाल्या. दिवाळीच्या आत तिघींनी मिळून एक रिलीज धड करून दाखवा, मग डिलिव्हरी हेड कोण ते ठरवू. कोण म्हणे! या ऑफिसात मी सोडून आहे कोण? घरी येऊन मोनालीला सांगून टाकलं. तिने विचारलं, ठरलंय की ठरायचंय? माझ्या बायकोला दूरदृष्टी अजिबात नाही.

३ सप्टेंबर
घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. कोड नव्हे, कल्चर! आजपासून रोज दीड वाजता व्हिडिओ मीटिंग, कॅमेरा चालू, बोलणं इंग्रजीत. फिनलंड-व्हिएतनामला सोयीची वेळ. आपल्या लोकांची जेवणाची आहे, पण जागतिक व्हायचं तर एवढा त्याग हवाच. आमच्या टीममधल्या दीपिकाच्या डब्यात सुकट असते. कॅमेऱ्यासमोर डबा उघडू नकोस म्हटलं. नाय जेवत मग, म्हणाली. समजूतदार मुलगी.

९ सप्टेंबर
अंकुश मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. विचारलं तर म्हणे, काम झालं, आता बोलू काय? मासवणकडच्या पाड्यावरचा मुलगा, आत्मविश्वास कमी. व्यक्तिमत्त्व विकासाचे व्हिडिओ पाठवले. फिनलंडचा यार्मोही बोलत नाही. पण त्याची शांतता प्रगल्भ आहे.

१५ सप्टेंबर
आज इतिहास घडवला. तिन्ही देशांच्या सणांचं एकच रंगीत कॅलेंडर! व्हिएतनामचा चंद्राचा सण काय, फिनलंडचा उन्हाळ्यातला काय, सगळे घातले. आपल्याकडून गणपती, दिवाळी, पाडवा. अंकुश जागेवर येऊन उभा राहिला. वाघबारस घाला म्हणाला. त्यांच्यात दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाची पूजा असते, सगळा पाडा जमतो. पूजेला दरवर्षी त्याचे वडील बसतात. यंदा त्यांना चालवत नाही, म्हणून पहिल्यांदा हा बसणार. त्याला समजावलं की बाबा, हे आंतरराष्ट्रीय कॅलेंडर आहे, यात गावोगावच्या गोष्टी घालत बसलो तर रंग पुरायचे नाहीत. तो गेला. पटलं असावं.

२६ सप्टेंबर
रिलीजची तारीख जाहीर. १७ ऑक्टोबर, शुक्रवार. कॅलेंडरवर त्या दिवशी कुठेच काही नाही. अंकुश पुन्हा आला. "सर, त्या दिवशी वाघबारस हाय." मी म्हटलं, मग लॅपटॉप घेऊन जा की, डोंगरावर रेंज चांगली येते. दीपिका मध्ये पडली, रिलीजला त्याच्या जागी मी बसते म्हणाली. म्हटलं, उद्या तुझ्या बाबांच्या होडीवर कोणीही तांडेल म्हणून सुकाणूवर बसलेलं चालेल का? जागेवर जाऊन बसली. मला उदाहरणं फार पटकन सुचतात.

६ ऑक्टोबर
व्हिएतनामला चंद्राच्या सणाच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यांच्या भाषेत. उत्तर नाही. भारावले असतील.

८ ऑक्टोबर
हल्ली मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बिघडलेत. पण कोड मोडायचा थांबला! माझी प्रोसेस फळली. मॅडमना लगेच ग्राफ पाठवला. तिन्ही टीमचा मिळून एक चॅट ग्रुप आहे म्हणे, तिथे दिवसभर काम आणि खिदळणं चालतं. मी त्यात नाही. मोनाली म्हणाली, तुला का नाही घेतलं? लीडरने अंतर ठेवावं लागतं, हे तिला कोण सांगणार?

१२ ऑक्टोबर, रविवार
रिलीजआधी डोकं शांत हवं. गुरुवारपर्यंत सुट्टी मागितली. मॅडमनी दोन मिनिटांत मंजूर केली, वर लिहिलं, खुशाल आराम करा. एवढा विश्वास आजवर माझ्यावर कोणी टाकला नव्हता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार
इस्त्रीचा शर्ट. सगळ्यांसाठी पेढे. ऑफिसात वॉचमन सोडून चिटपाखरू नाही. दीड वाजता मीटिंग उघडली. स्क्रीनवर एकटा मी. पाऊण तास स्वतःचं तोंड बघत बसलो.

शेवटी दीपिकाला फोन लावला. मागे तारपा वाजत होता. सगळे अंकुशच्या पाड्यावर. मॅडमसुद्धा. यार्मो पहाटे विमानतळावरून थेट तिकडे गेला. रिलीज? तो मंगळवारीच झाला. वाघबारस आहे हे यार्मोने ग्रुपवर वाचलं आणि मॅडमना सांगून तारीख अलीकडे घेतली. मला कोणी कळवलं का नाही विचारलं, तर तिने फोन सरळ अंकुशच्या हातात दिला.

"सर, मी तुमाला दोनदा सांगितलं. तुमी ऐकलं नाय. यार्मोनं एकदा सांगून ऐकलं."

पूजा खोळंबलीय म्हणाला आणि फोन ठेवला. माझा मात्र अपमान झाला. मी एवढी प्रोसेस उभी केली, आणि ही माणसं मला सोडून जेवायला बसणार.

संध्याकाळ
मॅडमचा मेसेज. डिलिव्हरी हेड अंकुश. तुमचं काय करायचं ते दिवाळीनंतर बोलू.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आलो. मोनाली दारातच उभी होती. विचारलं, रिलीज झाला? झाला म्हटलं. मग हेडचं ठरलं? ठरलं म्हटलं. तिचे डोळे भरून आले. बॉक्स माझ्या हातातून घेतला, देवापुढे ठेवला आणि माझ्या आईला फोन लावायला बसली. मी कपडे बदलायला आत गेलो.