चार मोजेपर्यंत

४ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईसमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. तिला पक्षाघाताचा झटका येऊन दोन महिने झाले. उजवी बाजू अजून लुळी, तोंडातून शब्द नाही. परवा पलंगावरून खुर्चीत बसवताना माझे हात सुटले आणि ती धपकन आदळली. लागलं नाही. पण आता मी जवळ गेलो की ती डोळे गच्च मिटते. बेचाळीस वर्षांत ती मला कधी घाबरली नव्हती गं.

दादा म्हणतो, तिला देखभाल केंद्रात ठेवू. मार्चअखेर न्यायला येतोय. त्याचंही चूक नाही. मी अडुसष्ट वर्षांचा बुकबाइंडर, जन्म बसून पुस्तकं शिवण्यात गेला, पायांत जीव कुठून असणार?

तू व्यायामशाळेत शिकवायला लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, लोखंड उचलून कोणाचं भलं झालंय. ते शब्द मागे घेतो. मला शिकव.

तुझे,
बाबा

११ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मागे घेतलेले शब्द मी चौकटीत घालून भिंतीवर लावणार आहे!

बाबा, आई उचलताना सुटली नाही, खाली ठेवताना सुटली. उचलताना झटका मारून वेळ निभावते. सावकाश खाली आणायला खरी ताकद लागते. म्हणून वजनं नकोत. डॉक्टरांना विचारा, मग एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. चार आकडे मोजत बसायचं, क्षणभर थांबायचं, दोन आकड्यांत उठायचं. श्वास कोंडायचा नाही. आठ वेळा, एक दिवसाआड. पाय थरथरले तर चालेल, गुडघा दुखला तर थांबा. पायांत जोर येईपर्यंत आईला एकट्याने उचलू नका. शेजारच्या नर्सबाईंना बोलवा आणि आईच्या कमरेला पट्टा बांधून तो धरायची रीत त्यांच्याकडून शिकून घ्या.

घाई नको. तुम्ही जेवता तशी तर मुळीच नको.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

पहिल्या दिवशी मी बारा वेळा फटाफट उठलो-बसलो आणि मिशीला पीळ दिला. मग तू सांगितलंस तसं सावकाश केलं, तर पाचव्यालाच पाय लटपटले. मग मी लबाडी करायला लागलो. 'तीन-चार' एका दमात म्हणून टेकायचो. तुझी आई पलंगावरून बघायची.

एका सकाळी मी 'दोन' म्हणून वाकलो, आणि मागून आवाज आला, तीन. मी होतो तसाच राहिलो. चार म्हणायला तिने इतका वेळ लावला की मांड्या पेटल्या, पण हलायची माझी छाती होईना. चार आल्यावर मी खुर्चीत बसून रडलो. बाकी शब्द अजून येत नाहीत, आकडे तेवढे येतात. तेव्हापासून मोजणं तिच्याकडे. मुद्दाम तीनवर रेंगाळते आणि गालात हसते.

परवा दादा देखभाल केंद्राचे कागद घेऊन आला. नर्सबाई बाजूला उभ्या होत्या. मी आईला उभं केलं, वळवलं, खाली आणायला लागलो. ती मोजत होती, डोळे उघडे, माझ्याकडे लावलेले. चारला ती खुर्चीत होती, आवाजसुद्धा झाला नाही. दादाने विचारलं, हे किती दिवस जमेल. मी म्हटलं, माहीत नाही, आज जमलं. त्याने कागद पिशवीत घातले. मग आईने त्यालाही भिंतीजवळच्या माझ्या व्यायामाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. सहाव्याला गडी घामाघूम!

येऊन जा. वाट बघतोय.

बाबा

३ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

हे पत्र बाबांनी काही न गाळता वाचून दाखवायचं आहे.

दवाखान्यातून तू घरी आलीस, त्यानंतर मी एकदाही आले नाही. सुट्टी नाही, असं सांगत राहिले. ते खोटं होतं. मी दारात उभी राहीन आणि तुला माझं नाव घेता येणार नाही, हे मला बघवलं नसतं. दिवसभर लोकांना सांगते की भार टाकू नका, सावकाश पेला. आणि माझ्याच्याने हा एवढा भार पेलवेना.

रविवारी येतेय. नाव घेता आलं नाही तर राहू दे. कुठल्याही आकड्याने हाक मार, मी ओ देईन.

तुझीच,
ठमी