नारळाऐवजी काढलेला एक्स-रे

बाबा, त्या रविवारी तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. इतकी वर्षं मी त्याला दुसरी नावं देत आले, माया म्हटलं, समजूतदारपणा म्हटलं, पण आज सरळच लिहिते. माझ्या तोंडावर खोटं बोललात आणि मी खुशीत स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरत राहिले.

काशीमिऱ्याच्या नाक्यावरचं तुमचं ते एक्स-रे सेंटर आता नाही, तिथे टायरचं दुकान झालंय. मला कळायला लागल्यापासून तुम्ही तिथे टेक्निशियन होतात. ट्रकच्या दारात बोटं चेमटलेले क्लीनर, गोडाऊनमध्ये पायावर पेटी पडलेले हमाल, खोकून खोकून वाकलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना तुम्ही त्या गार पाटीसमोर उभं करायचात आणि म्हणायचात, "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका… सोडा." मराठीत, हिंदीत, वेळ पडली तर गुजरातीतही. भाईंदरला इंद्रलोक वस्तीतल्या घरी मी आणि आई तुमची नक्कल करून हसायचो. कुणाच्या छातीत काय आहे हे तुम्हाला डॉक्टरांच्या आधी कळायचं, पण तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत. सांगायचं काम डॉक्टरांचं, एवढंच म्हणायचात. त्या वर्षी मात्र तुम्हीच खोकत होतात. दिवाळीच्या सुमारास लागलेला खोकला होळी आली तरी हटेना. आई मागे लागायची, एक फोटो काढून घ्या ना, मशीन तर तुमच्याच हातात आहे. तुम्ही म्हणायचात, नाक्यावर धूळ काय कमी आहे का, सगळेच खोकतात. आणि मग खिडकीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून खोकायचात. त्या पाठीची मला भीती वाटायला लागली होती.

त्यातच सेंटरचा कॉम्प्युटर बंद पडला. सेंटरच्या डॉक्टरांनी नवा मागवला, पण त्यात नवी सिस्टीम होती आणि एक्स-रे मशीनचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेना. त्याला जुनी विंडोज एक्सपीच हवी. मी तेव्हा भाईंदरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला होते, लग्न ठरलेलं होतं आणि डोकं कायम तापलेलं होतं. तुम्ही परस्पर डॉक्टरांना सांगून टाकलंत, माझी मुलगी एक्सपी टाकून देईल. म्हणून रविवारी दुपारी, सेंटर बंद असताना, आपण दोघं गेलो. वाटेत तुम्ही एक नारळ घेतलात. मशीन दुरुस्त झालं की पहिला फोटो नारळाचा, ही तुमची पद्धत. आतल्या पाण्याची रेघ स्वच्छ दिसली की मशीन पास. मग तोच नारळ मशीनपुढे फोडून खोबरं सगळ्यांना वाटायचात.

तुम्ही शटर अर्धंच वर करता. आत अंधार, औषधांचा वास, आणि बाहेरून ट्रेलर गेला की खिडकीची काच थरथरते. मी सीडी घालते. निळा स्क्रीन येतो, बराच वेळ काहीबाही वाचत बसतो आणि शेवटी सांगतो की या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क सापडलीच नाही. मी केबल काढून पुन्हा लावते. केबल बदलून बघते. पुन्हा तेच. ज्याने कॉम्प्युटर विकला त्या दुकानदाराला फोन लावते. "मॅडम, डिस्क एकदम नयी है," तो म्हणतो, "आप नयावालाच रहने दो ना, पुराना कायको डालताय?" मी फोन ठेवून देते. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघते तर डिस्क तिथे व्यवस्थित दिसतेय, नावासकट.

"आहे ना आत?" तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून विचारता. "मग त्याला दिसत कशी नाही?"

"आहे हो बाबा. पण ही सिस्टीम आली तेव्हा असल्या डिस्क नव्हत्याच, तर ती ओळखणार कशी? आपण ड्रायव्हर, म्हणजे डिस्कची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, दिला की दिसेल."

"तोवर तिच्या लेखी काहीच नाही."

"काहीच नाही."

तुम्ही "अस्सं" म्हणालात आणि खिडकीपाशी गेलात. त्या दिवशी तुम्ही तिथे जास्त वेळ उभे होतात.

ड्रायव्हर द्यायचा तर फ्लॉपीतून, आणि नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची सोयच नाही. जुन्याचं पोट उघडून मी त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह काढला आणि नव्यात उघडाच लटकवला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून ड्रायव्हर कॉपी करायला गेले तर तुमच्या खणातल्या फ्लॉप्यांवर बुरशी. एक कशीबशी चालली. सुरुवातीलाच एक ओळ क्षणभर येते, ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा म्हणून. ती मी हुकवली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हुकवली, आणि तुम्ही चहा विचारलात तर तुमच्यावरच खेकसले. शेवटी जमलं. ड्राइव्ह करकरला, आणि स्क्रीनवर डिस्क आली. मी टाळी वाजवली. तुम्ही नाही वाजवलीत.

सिस्टीम चढली, सॉफ्टवेअर चढलं. आता नारळ, असं म्हणून मी पिशवीकडे हात नेला तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. मीच उभा राहतो. छातीचा निघाला की बाकी सगळं निघतं." तुम्ही शर्ट काढलात. तुमच्या फासळ्या मला तेव्हा दिसल्या बाबा, दिसल्याच. बटण मी दाबलं. पार्टिशनमागून मीच म्हणाले, श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. आणि फोटोची कॅसेट रीडरमध्ये कधी घालते या घाईत "सोडा" म्हणायचं विसरले. मागून तुमचा दबलेला आवाज आला, "आता सोडू का गं?"

नावाच्या रकान्यात तुम्ही "टेस्ट" लिहायला लावलंत. फोटो वरून खाली हळूहळू उतरत आला, आधी गळा, मग खांद्याची हाडं, मग बाकीचं. मी फोटोकडे बघतच नव्हते, तो डिस्कवर सेव्ह होतोय की नाही ते बघत होते. तुम्ही चष्मा कपाळावर नेलात, पुन्हा खाली आणलात. बाहेर एक ट्रेलर गेला, काच थरथरली.

"छाती ठीक आहे ना?" मी सहज विचारलं.

"काही नाही. साफ आहे," तुम्ही म्हणालात आणि खिडकी बंद केलीत. नारळ अख्खा घरी आला. आईने विचारलं, फोडला नाहीत? तुम्ही हात धुवायला निघून गेलात.

माझं लग्न झालं. गणपतीत तुमच्या खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मीच तुम्हाला रिक्षात घालून त्याच सेंटरवर नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो लावला आणि जुनं काही आहे का म्हणून शोधत गेले. त्या डिस्कवरचा पहिलाच फोटो "टेस्ट." ते म्हणाले, "हा कोणाचा? जागा सेम आहे. तेव्हा लहान होतं." त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चपलांकडे बघत होतात. पुढची होळी तुम्हाला दिसली नाही.

तेराव्याला आलेले सगळे मला एकच सांगत होते, मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून माणूस गप्प राहिला, केवढं काळीज. मला संताप यायचा. माझ्या लग्नावर हे ओझं कुणी टाकायला सांगितलं होतं? आणि लग्न झाल्यावर काय? तेव्हाही गणपतीपर्यंत गप्पच होतात की. मी हे भांडण तुमच्याशी मनात फार वर्षं भांडले. आज ते मिटवायला बसलेय, कारण मला आता वाटतं, लग्नाचा काही संबंध नव्हता. तुम्ही घाबरला होतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या छात्या पाहिल्या त्याला स्वतःची एकदा दिसली, आणि ती दुसऱ्या कुणी बघू नये असं वाटलं. एवढंच असेल.

हे मला कसं कळलं तेही सांगते. खोकला मलाही आहे, बरेच दिवस. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिलाय, ती चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. सेंटर आमच्या बिल्डिंगखालीच आहे, रोज त्याच्यासमोरून भाजी आणायला जाते. काल लेकीने विचारलं, "आई, काढलास का?" मी म्हटलं, "काढला. काही नाही, साफ आहे." ती बरं म्हणाली आणि क्लासला निघून गेली.