घागर दोन क्लिकात

कोल्हापूर,
११ ऑगस्ट २००३

चि. शशिधर यास,

न्हाय. पहिल्या पानावरचा काकांचा फोटो काढू नगंस. काकीचा आशीर्वाद घे, तब्येत सांभाळ (माझं गुडघं हायत तसंच हायत), आणि आता ऐक.

म्हणतोस, फोटोनं वेबसाईट उघडायला वेळ लागतोय, तो काढला की गिऱ्हाइकाला दोन क्लिकात घागर सापडंल. अरं, सापडायचं काय कौतुक? आपल्या दुकानात बाई घागर घ्यायला येती, बोटानं वाजवून बघती, 'हिचा आवाज बद्द येतोय' म्हणून दुसरी काढायला लावती, चहा पिती, सुनंची गाऱ्हाणी सांगती (परवा बायडाबाईनं दीड तास सांगितली, सून शेजारीच बसलीवती) आणि जाताना घागरीबरोबर एक पातेलंबी घेती, वर नातवाचं नाव कोरून. तुझ्या साईटवर बाई येती, घागर बघती, जाती. तू दुकान न्हाय काढलंस, सरकारी हापिसाची खिडकी काढलीस. ती उघडी असती, एवढंच.

घागरीचा आवाज घाल म्हटलं, तर साईट जड हुती. नाव कोरायची सोय ठेव म्हटलं, तर म्हणं लोकांना घाई असती. पुण्यात असंल. हितं घाईतलं माणूस भांडी घ्यायला येत न्हाय. एवढा इंजिनेर झालास, पण आल्या पावण्याला 'बसा' म्हणायचं शिकला न्हाईस. तुझं काका शाळा चौथी, पण बिनकामाचं आलेलं माणूसबी वाटी घेऊन जायचं.

आणि फोटोला लोकं कटाळत्यात म्हणतोस, तर साईटच्या खाली तूच लावलेला आकडा बघ. वर्षात चारशे बारा जण येऊन गेलं. कटाळली असती तर आली असती व्हय?

तुझी काकी,
अक्काताई

ता. क. घरातल्या हार घातलेल्या फोटोत हे फोटोवाल्यावर डाफरल्यागत बसल्यात. हसतानाचा तेवढा एकच, साईटवरचा (कागदावरचा तुझ्या बापानं हरवला). सायबर कॅफेत बसलं की तो वरनं सावकाश उतरतोय. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळं, आणि मिशीपाशी मशीन अडकतंय. मी बसती वाट बघत. जिवंतपणीबी हाक मारल्यावर एवढ्याच वेळानं यायचं.

आणखी एक. त्या चारशे बारातली चारशे नऊ मीच हाय.