येसर आन् बोलगेरीची बाटली

न्हाई गं माय, बाटली मी मागवली नव्हती. येवढं आधी ध्यानात घे, मग डोळे वटार. नातीच्या सासूनं आणली, थेट इटलीहून, तान्ह्या लेकरावानी कापडात गुंडाळून. दारूचं नाव निघालं की तू चूल पोचारायला घ्यायचीस, आन् तुझ्याच पणतीच्या लग्नात ही लाल दारू! सुनेला वाटलं, सरबत हाय. तिनं बाटलीला हळदकुंकू लावून रुखवतात उभी केली, करंज्या आन् शेवयाच्या मधी. आपल्या पाथरीच्या बाया वाकू वाकू बघायल्यात, माझा लेक घामाघूम. "सरबतच हाय, पर आत्ता फोडायचं न्हाई," म्हणून सांगत फिरायलाय.

ही इटलीची बाई लग्नाच्या चार दिस आधीच आली व्हती. नात माझ्या मागंमागं, "आजी, तिच्याशी दोन शब्द बोल की. तिला वाटायलंय, तुला ती पसंतच न्हाई." खरंच नव्हती. येवढ्या लांब लेक द्यायची, आन् त्यांचा मळा दारूचा! मी आपली चुलीपुढं येसर भाजत बसले. तुला ठाऊकच हाय, आपल्यात येसराच्या आमटीबिगर लग्नाची पंगत उठत न्हाई, आन् तू गेल्यावर गावात ते माझ्याच हातचं लागतं. मी ल्हानपणी घाई करून येसराच्या पिठाचे गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने समदं एकाच कढईत वतलं व्हतं. तू उलथनं हिसकून घेतलंस. "परतेकाची येळ येगळी असती, भवाने!"

ही बाई माझ्याजवळ फतकल मारून बसली. येगळंयेगळं भाजताना बघितलं आन् टाळ्याच पिटाय लागली. नात हसत हसत सांगती, "आजी, ती म्हणती, आमचं बी असंच! तीन जातीची द्राक्षं. कुणी आधी पिकतं, कुणी मागून. येगळी तोडायची, त्यांची दारू लाकडाच्या पिपात येगळी ठिवायची, मग चाखून चाखून मिसळायची." त्यांचं गाव बोलगेरी, समुद्राच्या काठाला. पहिले म्हणं नुसती दलदल, हिवतापानं माणसं मरायची. मग पाणी काढून दिलं, मळे लागले. समुद्राचा वारा येतो म्हणून द्राक्षं उन्हात भाजत न्हाईत. मी कुठला समुद्र बघितलाय! आपली गोदावरी, तेवढीच. तरी त्या दिशी चुलीपुढं बसून मला गार वारा लागल्यावानी वाटलं बघ.

लग्नाच्या सांजंला पाव्हणे पांगले. ही बाई घरच्यांच्या पंगतीला बसली. आमटी लय तिखट. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, तरी वाटी पुढं करती. दोनदा घेतली. मग तिनं ती हळदकुंकवाची बाटली फोडली. काचेचा गिलास आपल्यात कुठला? स्टीलच्या फुलपात्रात वतली आन् माझ्यापुढं ठिवली. नात पदराचं टोक चावायली. लेक कानाशी येऊन म्हणला, "माय, तुला चालत न्हाई म्हणून सांगू का तिला?"

"गप बस," मी म्हणलं. "तिनं माझी आमटी रडत खाल्ली."

नातीनं मला अशी मिठी मारली की चष्माच पडला. आता ती तिकडं मळ्यात हाय, फोनवर मला समुद्र दाखवती. ही चिठ्ठी येसराच्या डब्याखाली ठिवते. तुला धाडायची कुठं?

फुलपात्र रिकामं झालं, येवढं खरं. चव कशी व्हती, ते इचारू नको. सांगणार न्हाई.